अंकाच्या तळाची ओळ
ब्रिटिश अमदानीतील मुद्रण-कायद्यांचा इतिहास

कोणतेही मराठी दैनिक हाती घेतले, की शेवटच्या पानाच्या अगदी तळाशी बारीक टाइपात एक ओळ आढळते. हे पत्र अमुक यांनी अमुक मुद्रणालयात छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले, संपादक अमुक, अशा आशयाचा तो मजकूर असतो. वाचकाची नजर तेथवर सहसा पोहोचत नाही. तथापि या एका ओळीमागे सव्वादोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. लिहिले कोणी, छापले कोणी आणि जबाबदार धरावयाचे कोणाला, हा प्रश्न परकीय सत्तेने प्रथम विचारला. त्याच्या उत्तरासाठी अनेकांना तुरुंग, हद्दपारी आणि दिवाळे पत्करावे लागले. त्या इतिहासाचा थोडक्यात परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

परवाना आणि हद्दपारी

भारतातील पहिले वृत्तपत्र जेम्स ऑगस्टस हिकी याने २९ जानेवारी १७८० रोजी कलकत्त्यास सुरू केले. कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यांवर त्याने केलेली टीका सरकारला मानवली नाही. हिकीला तुरुंगवास घडला आणि १७८२ मध्ये त्याचे पत्र बंद पडले. मात्र वृत्तपत्रांसाठी म्हणून रीतसर नियम अद्याप झालेले नव्हते. ते १७९९ मध्ये लॉर्ड वेलस्ली याने केले. टिपू सुलतानाशी युद्ध चालू होते आणि फ्रेंचांचे भय होते. प्रत्येक अंकावर मुद्रकाचे नाव छापावे, संपादक व मालक यांनी आपली नावे व पत्ते सरकारला कळवावेत आणि सरकारी सचिवाने तपासल्याखेरीज अंक प्रसिद्ध करू नये, असे ते नियम होते. ते मोडणाऱ्याला युरोपात परत धाडण्यात येई. आपल्या परिचयाची ती तळची ओळ अशी धाकाच्या पोटी जन्माला आली.

लॉर्ड हेस्टिंग्जने १८१८ मध्ये ही पूर्वतपासणी रद्द केली, परंतु हा मोकळेपणा अल्पकाळच टिकला. १८२३ मध्ये हंगामी गव्हर्नर जनरल जॉन ॲडम याने ‘कलकत्ता जर्नल’चे संपादक जेम्स सिल्क बकिंगहॅम यांना देशाबाहेर घालविले आणि परवान्याची पद्धत सुरू केली. राजा राममोहन रॉय यांनी या नियमांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाकडे आणि पुढे थेट इंग्लंडच्या राजाकडे दाद मागितली. ती निष्फळ ठरली. त्यांनी आपले ‘मिरात-उल्-अखबार’ हे फार्सी पत्र निषेध म्हणून बंद केले. परवाना मागण्यापेक्षा पत्र बंद ठेवलेले बरे, ही भूमिका भारतीय वृत्तपत्रांच्या इतिहासात येथे प्रथम दिसते.

मुंबई इलाख्यातही १८२५ व १८२७ मध्ये असेच निर्बंध आले. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, ते हे निर्बंध अमलात असतानाच. मराठी वृत्तपत्रसृष्टीचा पहिला अंक पूर्ण मोकळ्या हवेत छापला गेलेला नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मेटकाफचा उदार कायदा

हे सर्व निर्बंध १८३५ मध्ये सर चार्ल्स मेटकाफ याने मोडीत काढले. कायद्याचा मसुदा मेकॉलेचा होता. परवाना गेला. मुद्रक व प्रकाशक यांनी दंडाधिकाऱ्यापुढे जाऊन छपाईचे ठिकाण जाहीर करावे आणि छापील कागदावर आपले नाव घालावे, एवढेच बंधन उरले. कंपनीच्या संचालकांना ही उदारता रुचली नाही आणि मेटकाफला त्याची झळ सोसावी लागली.

१८५७ च्या उठावात जूनमध्ये लॉर्ड कॅनिंगने परवान्याची पद्धत एका वर्षापुरती पुन्हा आणली. पुढे १८६७ मध्ये मुद्रणालये व पुस्तके यांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि मेटकाफच्या कायद्याची जागा त्याने घेतली. या कायद्यामुळे छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत सरकारकडे जाऊ लागली व त्यांच्या याद्या होऊ लागल्या. देशी पत्रांतील मजकुराचे इंग्रजी गोषवारेही सरकारसाठी नियमाने तयार होत. ही सारी व्यवस्था पाळत ठेवण्यासाठी होती. परंतु आज एकही अंक उपलब्ध नसलेल्या कित्येक पत्रांचा आवाज अभ्यासकाला याच गोषवाऱ्यांतून ऐकू येतो.

भाषेवरून भेद

१४ मार्च १८७८ रोजी लॉर्ड लिटनने देशी भाषांतील वृत्तपत्रांचा कायदा एकाच बैठकीत संमत करून घेतला. दंडाधिकाऱ्याने मुद्रकाकडून हमी लिहून घ्यावी, अनामत रक्कम मागावी आणि आक्षेपार्ह मजकूर आल्यास ती रक्कम व यंत्रसामग्री जप्त करावी, अशी त्यात तरतूद होती. न्यायालयात दाद मागण्याची सोय मात्र नव्हती. इंग्रजी पत्रांना हा कायदा लागू नव्हता. एकच मजकूर इंग्रजीत छापला तर तो टीका ठरे आणि मराठीत किंवा बंगालीत छापला तर गुन्हा ठरू शके. कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने त्यावर तोड काढली. ती पत्रिका आठवडाभरातच संपूर्ण इंग्रजीत निघू लागली.

लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत, १८८२ मध्ये, हा कायदा रद्द झाला. त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यात ‘केसरी’ सुरू झाला होता.

आरोपीच्या पिंजऱ्यात

लिटनचा कायदा गेला, तरी त्याहून तीक्ष्ण हत्यार सरकारच्या हाती होते. ते म्हणजे भारतीय दंडसंहितेत १८७० मध्ये घातलेले राजद्रोहाचे कलम १२४-अ. या कलमाखाली लोकमान्य टिळकांवर १८९७ मध्ये पहिला खटला झाला. ‘केसरी’च्या १५ जून १८९७ च्या अंकातील शिवाजी उत्सवासंबंधीचा मजकूर हे त्याचे निमित्त होते. टिळकांबरोबर मुद्रक केशव महादेव बाळ हेही आरोपी होते, कारण कायद्याच्या दृष्टीने अंकावरील प्रत्येक नाव उत्तरदायी होते. बाळ निर्दोष सुटले. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ‘अप्रीती’ या शब्दाचा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ असा लावला. सहा युरोपीय ज्यूरर दोषी म्हणाले, तर तीन भारतीय ज्यूरर निर्दोष म्हणाले. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. सरकारविषयी मनात प्रेम नसणे हाही गुन्हा होऊ शकतो, असा या निकालाचा अर्थ लोकांनी घेतला. १८९८ मध्ये कलमाची व्याप्ती आणखी वाढविण्यात आली.

१९०८ मध्ये ८ जून रोजी मुद्रणालये जप्त करण्याचा नवा कायदा झाला. दुसऱ्याच दिवशी ‘केसरी’त ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा अग्रलेख आला. दडपशाहीच्या कायद्यावर केलेली ही टीकाच दुसऱ्या खटल्यातील आरोपाचा एक भाग झाली. ज्यूरीत सात युरोपीय व दोन पारशी होते. मूळ लेख मराठीत होते आणि निर्णय मात्र इंग्रजी भाषांतरावरून व्हावयाचा होता. टिळकांनी एकवीस तासांहून अधिक काळ स्वतःची बाजू मांडली आणि भाषांतरातील चुकांवर नेमके बोट ठेवले. तरीही २२ जुलै रोजी सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरविण्यात आले. सहा वर्षे काळ्या पाण्याची ही शिक्षा त्यांनी मंडालेच्या तुरुंगात भोगली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस हरताळ पाळून या निकालाला उत्तर दिले. त्याच जुलै महिन्यात ‘काळ’चे संपादक शिवराम महादेव परांजपे यांनाही एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली.

जामिनाचा फास

खटल्यात आरोपीला बोलण्याची संधी मिळते आणि त्याचे भाषण देशभर पोहोचते, हा अनुभव सरकारला अडचणीचा होता. १९१० च्या कायद्याने मुद्रणालयाच्या चालकाकडून आधीच जामिनाची रक्कम घेऊन ठेवण्याचा मार्ग काढला. मजकूर आक्षेपार्ह वाटला, की सरकारच्या हुकुमाने रक्कम जप्त. शिक्षेची जागा खर्चाने घेतली. संपादक तुरुंगात जाण्यास तयार असला, तरी छापखान्याचा मालक आपले खिळे आणि यंत्र गमावण्यास तयार असेलच असे नाही, हे त्यामागचे गणित होते. परांजपे तुरुंगातून सुटून आले, परंतु जामिनाच्या मागणीपुढे ‘काळ’ बंद झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘आमच्या देशाची स्थिति’ या निबंधावर, लेखकाच्या निधनानंतर अनेक वर्षांनी, बंदी आली. ती १९३७ मध्ये लोकनियुक्त मंत्रिमंडळ आल्यावरच उठली.

एप्रिल १९१९ मध्ये ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांना इंग्लंडला पाठवून देण्यात आले. शंभर वर्षांपूर्वीची हद्दपारी सरकार विसरले नव्हते. १९१० चा कायदा १९२२ मध्ये रद्द झाला; मात्र त्याच वेळी अंकावर संपादकाचे नाव छापणेही बंधनकारक झाले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये ‘यंग इंडिया’तील लेखांबद्दल महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्याबरोबर पत्राचे मुद्रक शंकरलाल बँकर यांनीही कारावास पत्करला. पुढे १९३० च्या वटहुकुमाने आणि १९३१ च्या कायद्याने जामिनाची पद्धत पुन्हा आली.

नाव नसलेले कागद

कायद्याने जितकी नावे मागितली, तितकी लोकांनी निनावी कागदाची वाट धरली. १९३० च्या सविनय कायदेभंगात आणि १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात सायक्लोस्टाइल केलेली पत्रके रातोरात वाटली जात. त्यांच्या तळाशी ना मुद्रकाचे नाव असे, ना छापखान्याचे. १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त आकाशवाणी केंद्र चालविले. तेथे तर कागदच नव्हता. उघड बोलण्याची दारे बंद झाली, की बोलणे थांबत नाही. त्याला उत्तरदायी असणारा माणूस तेवढा दिसेनासा होतो. दीडशे वर्षांच्या निर्बंधांचा हा धडा राज्यकर्त्यांना अखेरपर्यंत उमगला नाही.

स्वातंत्र्यानंतर संविधानाने भाषण व अभिव्यक्ती यांचे स्वातंत्र्य मूलभूत हक्क म्हणून दिले. तरीही १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात वृत्तपत्रांनी पूर्वतपासणी पुन्हा अनुभवली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये कलम १२४-अ चा वापर स्थगित ठेवला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने जुन्या दंडसंहितेची जागा घेतली. त्याच वर्षी १८६७ च्या नोंदणी कायद्याच्या जागी नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा अमलात आला.

अंकाच्या तळाची ती ओळ मात्र आजही छापली जाते. परकीय सत्तेने ती धाक बसविण्यासाठी घालावयास लावली. टिळक, परांजपे आणि गांधीजींसारख्या संपादकांनी, तसेच त्यांच्या मुद्रकांनी, त्याच ओळीत स्वतःचे नाव उघडपणे छापून ‘हे मी म्हणतो, याला मी जबाबदार आहे’ असे जगाला सांगितले. उद्या सकाळी वृत्तपत्र चाळून झाल्यावर घडी घालण्यापूर्वी ती ओळ एकदा अवश्य वाचावी.