माणसाचा नंबर पाचवा

प्रिय भाचीस,

ताई सांगत होती, पुढच्या महिन्यापासून अख्खी असेंब्ली लाइन तुझ्याकडे येणार. निम्मी माणसं तुझ्यापेक्षा वयानं मोठी, थोडी कायम, बरीचशी कंत्राटी. व्यवस्थापनाची पुस्तकंही तू काढून बसली आहेस म्हणे. जरूर वाच. त्या पुस्तकातल्या गोष्टी कारखान्यात कोणत्या रूपात समोर येतात, हे मी पर्सोनेल खात्यात राहून आयुष्यभर पाहिलं. तेवढं तुझ्या कानावर घालते.

काम बिघडलं की सुपरवायझरच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "कुणी केलं?" त्याच्या आधी चार गोष्टी तपासायची सवय लाव: हत्यार, माल, हुकूम आणि मोबदल्याचा हिशेब. माणसाचा नंबर पाचवा. बहुतेक वेळा तुला पाचव्यापर्यंत जावंच लागणार नाही.

फ्रेडरिक टेलरचं नाव तुझ्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात असेल. त्याचं शास्त्रीय व्यवस्थापनावरचं पुस्तक 1911 चं. कामगार चळवळीतल्या लोकांचा त्याच्यावर राग होता आणि तो रास्त होता, कारण डोकं साहेबानं चालवायचं आणि हात कामगारानं, अशी वाटणी त्यानं करून टाकली. तरी बेथलेहेम स्टीलमधला त्याचा फावड्यांचा अभ्यास नीट वाच. तिथले कामगार आपापलं फावडं घेऊन येत आणि त्याच एका फावड्यानं जड खनिजही उपसत, हलका कोळसाही. टेलरनं मोजून पाहिलं, तेव्हा दर फावड्यामागे साधारण 21 पौंड, म्हणजे साडेनऊ किलोच्या आसपास वजन आलं की दिवसाचं काम सर्वांत जास्त होतं, असं दिसलं. मग कंपनीनंच वेगवेगळ्या मापांची फावडी ठेवली: खनिजाला लहान, कोळशाला मोठं. आधी बदललं ते हत्यार.

तुझ्या लाइनवर एखादी मुलगी रोज मागे पडत असेल, तर तिच्या जागेवर तू स्वतः एक तास काम कर. स्टूल उंच असेल, स्क्रूचा बिन चुकीच्या हाताला असेल, नाहीतर ती डावखुरी असेल आणि फिक्स्चर उजव्यांसाठी बनवलेलं असेल. हे तिला विचारून कळत नाही. इतके दिवस कुणी विचारलंच नसल्यामुळे तिलाही ते आपल्या नशिबाचाच भाग वाटू लागलेलं असतं.

आता जरा सावकाश वाच, कारण यातच नव्या सुपरवायझरची फसगत होते. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यातले प्रयोग तुला परीक्षेपुरते पाठ असतील. 1924 मध्ये दिव्यांच्या उजेडापासून सुरुवात झाली, पुढे संशोधक एल्टन मेयो आले, आणि माणसांकडे कुणी लक्ष दिलं की काम सुधारतं, असा या प्रयोगांचा सारांश वर्गात सांगतात. मला त्या सगळ्यात 1931-32 मधली तारा जोडणाऱ्यांची खोली जास्त मोलाची वाटते. तिथे 14 पुरुष काम करत होते. सगळ्या गटाच्या उत्पादनावर मोबदला होता, म्हणजे जास्त काढलं तर सगळ्यांनाच जास्त मिळणार. तरीही दिवसाला किती काम करायचं याचा एक आकडा त्यांनी आपसात ठरवून टाकला होता. त्याच्या वर कुणी गेला की शेजारचा त्याच्या दंडावर गुद्दा मारी. फार मागे राहिलेल्यालाही बोलणी बसत. साहेबाकडे चुगली करणारा तर कायमचा वाळीत.

यावर कुणीही पटकन म्हणेल, कामचोर होते. पण तो काळ बघ. अमेरिकेत महामंदी होती. उत्पादन वाढलं तर नगामागचा दर कापतील, किंवा कमी माणसांत काम भागतंय म्हणून चौघांना घरी पाठवतील, ही भीती त्या आकड्यामागे होती. आकडा म्हणजे त्यांनी एकमेकांची घेतलेली काळजी होती.

तुझ्याही लाइनवर असा आकडा असणारच. तो कुठे लिहिलेला नसतो, पण पहिल्या दोन-तीन आठवड्यांतला रोजचा तक्ता पाहिलास की दिसेल. कच्चा माल भरपूर असलेल्या दिवशीही उत्पादन त्याच ठिकाणी येऊन थांबतं. तो मोडायला धावू नकोस. आणि एखादा पोरगा त्या आकड्यापुढे गेला, तर त्याला सगळ्यांसमोर शाबासकी मुळीच देऊ नकोस. तुझ्या कौतुकाची किंमत तो जेवणाच्या सुट्टीत मोजेल. आधी शोध घे की मागच्या वेळी उत्पादन वाढलं तेव्हा काय झालं होतं. ओव्हरटाइम बंद झाला होता का? कंत्राटी मुलांच्या नोकरीत ब्रेक दिला होता का? तसं झालं असेल तर आकडा तिथेच थांबण्याचं कारण वरच्या मजल्यावर बसलं आहे, आणि तिथे जाऊन बोलणं हे तुझं काम आहे. अवघड आहे, पण पगार त्याचाच आहे.

कंत्राटी मुलांचं आणखी एक. हेन्री फायोल हा फ्रेंच खाण-अभियंता. 1888 मध्ये डबघाईला आलेली कंपनी त्याच्या हाती आली, ती त्यानं सावरली आणि त्या अनुभवातून 1916 मध्ये व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं मांडली. सगळी पाठ केली नाहीस तरी चालेल. एक मात्र विसरू नकोस: एका माणसाला हुकूम एकाच वरिष्ठाकडून मिळावा. आपल्याकडे कंत्राटी कामगाराच्या बाबतीत हे तत्त्व रोज मोडतं. काम तू सांगतेस, हजेरी आणि पगार कंत्राटदाराच्या मुकादमाकडे. क्वालिटीवाला येऊन लाइन थांबव म्हणतो, डिस्पॅचवाला चालू ठेव म्हणतो. मुलगा गोंधळला की ठपका त्याच्यावर. म्हणून पहिल्याच आठवड्यात मुकादम, क्वालिटी आणि डिस्पॅच यांना एकत्र बसव आणि लाइनवरच्या माणसाला सांगायचं ते तुझ्यामार्फत, एवढं ठरवून घे. फायोलनं दुसरी सोयही सांगून ठेवली आहे. दोन खात्यांतल्या बरोबरीच्या माणसांनी, आपापल्या वरिष्ठांना कल्पना देऊन, थेट बोलावं. प्रत्येक गोष्ट वरपर्यंत जाऊन खाली यायला नको. स्टोअरच्या सुपरवायझरशी तुझी तशी बोलाचाली हवी.

आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर अहमदाबादचं घे. तिथल्या कॅलिको मिलमध्ये 1953 मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस आले. मिलनं नवे स्वयंचलित माग बसवले होते, तरी उत्पादन हवं तसं वाढत नव्हतं. राइस यांनी पाहिलं की कामाचे बारीक बारीक तुकडे पाडून बारा प्रकारच्या जागा केल्या होत्या. एक विणणारा, एक तुटलेले धागे सांधणारा, एक तेल घालणारा, आणि प्रत्येकाच्या वाट्याला मागांची संख्या वेगळी. त्यामुळे कुठल्याही मागाचं धड कुणीच जबाबदार नव्हतं, आणि कोण कुणाबरोबर काम करतो हेही सांगता येत नव्हतं. मागांचे गट पाडून प्रत्येक गट एका छोट्या टोळीकडे द्यावा, ही कल्पना त्यांनी मांडली. कामगारांनी ती उचलून धरली आणि टोळ्या स्वतःच जमवल्या. उत्पादन वाढलं, कापडाचं नुकसान कमी झालं. तू लाइनवरच्या कामाची वाटणी करशील तेव्हा एवढं बघ: एखाद्या तयार वस्तूकडे बोट दाखवून "ही आम्ही केली" असं म्हणणारी सहा-सात माणसं सापडतात का?

पैशाबद्दल पुस्तकं जरा घाईनं बोलतात. फ्रेडरिक हर्झबर्गनं 1959 मध्ये मांडलं की पगार, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक हे बिघडलं तर माणूस नाराज होतो, पण ते सुधारलं म्हणून कामात जीव ओततोच असं नाही. त्यासाठी कामातच काही असावं लागतं. मला हे बरंचसं पटतं. फक्त त्यानं विचारलं होतं ते पिट्सबर्ग परिसरातल्या अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना. खोलीचं भाडं देऊन गावी पैसे पाठवणाऱ्या कंत्राटी मुलाला "तुझं काम अर्थपूर्ण आहे" असं सांगू नकोस. त्याची ओव्हरटाइमची नोंद बरोबर आहे ना, ते पाहा. बायकांचं स्वच्छतागृह लाइनपासून किती लांब आहे, तेही पाहा. माणसाच्या गरजा पायरीपायरीनं येतात, आधी पोट, मग मान, असं मॅस्लोच्या नावानं शिकवतात; पण तो जिना चढायला कुणी ठरलेल्या क्रमानं निघत नाही. अर्धपोटी माणसालाही मान हवाच असतो.

आणि मोबदल्याचा हिशेब शेवटी ठेवला, कारण तो सर्वांत लपलेला असतो. स्टीव्हन कर यांचा 1975 मधला एक लेख आहे. अपेक्षा एका गोष्टीची ठेवायची आणि बक्षीस दुसऱ्याच गोष्टीला द्यायचं, हा संस्थांचा वेडेपणा त्यात दाखवला आहे. भिंतीवर गुणवत्तेचं पोस्टर आणि संध्याकाळी चौकशी फक्त नगांची, म्हणजे तेच. माणसं पोस्टर वाचत नाहीत, साहेब संध्याकाळी काय विचारतात ते ऐकतात. म्हणून तू संध्याकाळी आधी रिजेक्शन विचार, मग नग.

रिजेक्शन विचारायला लागलीस की आणखी एक दिसेल, त्यानं घाबरू नकोस. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला, तेव्हा ज्या गटांचं नेतृत्व चांगलं, तिथेच औषधांच्या चुका जास्त नोंदल्या गेल्याचं दिसलं. तिथे चुका बोलून दाखवायला माणसं भीत नव्हती. तुझ्याकडेही पहिल्या महिन्यात नोंदी वाढतील आणि वरून विचारणा होईल. तेव्हा आधीच्या नोंदी कशा होत्या ते शांतपणे सांग. जो पहिल्यांदा स्वतःहून "मॅडम, माझ्याकडून हे बिघडलं" म्हणत येईल, त्याला आधी बसायला सांग, त्याचं पूर्ण ऐक, आणि पाळी सुटायच्या आत त्यानं दाखवलेलं काहीतरी बदलून दाखव, मग ती फिक्स्चरची एक पिन का असेना.

रविवारी जेवायला ये. येताना कागदावर लाइन काढून आण: कोण कुठे उभं राहतं, माल कुठून येतो, कोण कुणाला विचारतं. बाकीचं त्यावर बसून बोलू.

तुझी मावशी