चारचौघांत दुखावलेलं पोर

पालकहो,

दिग्दर्शक नागराज मंजुळे आपल्या जेऊरचे, त्यामुळे त्यांचा 'फँड्री' (२०१३) हा सिनेमा इथं बहुतेक घरांत पाहिला गेला असेल. त्यातल्या एका प्रसंगाबद्दल आज तुमच्याशी बोलायचं आहे. जब्या या शाळकरी पोराच्या घरचे डुकरं धरायला धावतायत, शाळेतली पोरं बघून हसतायत, त्या घोळक्यात त्याला आवडणारी शालूही आहे आणि जब्या तोंड लपवायला आडोसा शोधतोय. समोर साप नाही, आग नाही. तरी जिवावर बेतल्यासारखं त्याचं अंग आक्रसून जातं.

असं का होतं? आपल्या मेंदूत खोलवर, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एकेक पुंजका असतो. त्याला अमिग्डला म्हणतात. उसाच्या पाचटात काही सळसळलं की पाय आधी थबकतो आणि 'काय असेल?' हा विचार मागून येतो. अमिग्डलाकडे खबर दोन वाटांनी जाते, हे जोसेफ लेडू या अमेरिकी शास्त्रज्ञाने उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. एक वाट जवळची पण पुसट, दुसरी विचार करणाऱ्या भागातून वळसा घेऊन येणारी, नेमकी. जवळच्या वाटेची खबर लागताच छाती धडधडते, हातपाय ताठतात.

ही धावपळ फक्त सापासाठी नसते. माणसाच्या चेहऱ्यासाठीही असते. दोन्ही बाजूंचा अमिग्डला निकामी झालेल्या एका बाईचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. तिला समोरच्याच्या चेहऱ्यावरची भीती ओळखता येत नव्हती. तुमच्या मुलाला मात्र चेहरा वाचता येतो. तुमचे शब्द पोचायच्या आधी तुमच्या कपाळावरची आठी त्याच्यापर्यंत पोचलेली असते.

अमिग्डलाच्या या उसळीला आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. म्हणून नववी-दहावीच्या पोराला भर चौकात "कळत नाही का तुला?" असं विचारलं, तर त्या क्षणी त्याला खरोखरच फारसं कळत नसतं. मात्र ते क्षण लक्षात राहतात, कारण भावना उसळलेली असताना घडलेलं अमिग्डला स्मरणात घट्ट बसवतो. गणिताचा धडा विसरला जाईल, पाहुण्यांसमोरची चपराक नाही.

मला जब्याइतकंच त्याच्या बापाबद्दल वाटतं. कचरू पोरावर चिडतो, पण गावानं त्याला जातीपायी आयुष्यभर वाकवलेलं आहे आणि त्याच्या रागाखाली भीती आहे. जातीवरून हसणाऱ्यांचं हसू थांबवणं हे गावाचं काम, ते पोराच्या गळ्यात घालू नये. पण आपल्या घरात काय होतं? उसाचं बिल थकलेलं, सोसायटीचा हप्ता तोंडावर, आणि तेवढ्यात पोराच्या हातून दूध सांडतं. ओरडतो तो आपलाही अमिग्डलाच. अशा वेळी दोन मिनिटं अंगणात जाऊन या. पोराला समजावण्याआधी आपला श्वास जागेवर येऊ द्या.

मग त्याच्या मनातलं शब्दांत आणायला मदत करा. "लाज वाटली का? राग आलाय?" एवढं पुरे. भावनेला नाव दिलं की अमिग्डलाची हालचाल मंदावते, असं मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांना २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं. लहान मुलांचा अमिग्डला आईचा नुसता फोटो पाहूनही शांत होतो, वयात आलेल्यांचा तसा होत नाही, असं २०१४ च्या एका अभ्यासात आढळलं. म्हणून पाच वर्षांच्या लेकराला जवळ घ्या. चौदा वर्षांच्यानं दार लावून घेतलं तर दार वाजवत राहू नका, घरातच असा, त्याच्या हाकेच्या अंतरावर.

आणि निकालाच्या दिवशी ओसरीवर माणसं बसलेली असतील, तर गुणपत्रिका घडी घालून खिशात ठेवा. जे बोलायचं ते माणसं गेल्यावर, पोर जेवल्यावर.