वर्षभरानंतर खांदा कसा आहे?

पन्नाशी ओलांडलेल्या आणि मधुमेह असलेल्या कुणी खांदा दुखतोय म्हटलं, की मी त्यांना आधी एक गोष्ट करून बघायला सांगते. कोपर कमरेला टेकवा, काटकोनात वाकवा आणि कोपरापुढचा हात बाहेरच्या बाजूला वळवा. वळतो का? दुसऱ्या कुणी धरून वळवला तर वळतो का? माझा कशानेही वळत नव्हता आणि कितीतरी महिने ते कुणी तपासलंच नाही.

मी साताऱ्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. फळ्याच्या वरच्या ओळीत लिहिताना उजव्या खांद्यात कळ यायची. मग त्या कुशीवर झोपणं बंद झालं. मग हात मागे जाईना. पदराला पिन लावायलासुद्धा मुलीला हाक मारावी लागे. एमआरआय झाला. अहवालात लिहिलं होतं, सुप्रास्पायनेटस टेंडनला अर्धवट फाट. टेंडन म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा चिवट पट्टा. ज्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले होते त्यांनी अहवाल वाचला, फिल्म उजेडाला धरली आणि दुर्बिणीतून ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. तोवर हात झोळीत ठेवा, अजिबात हलवू नका, नाहीतर फाट वाढेल. माझ्या खांद्याला त्यांनी हात लावला नाही.

घरात सगळ्यांनी ती सूचना मनापासून पाळली. मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. रक्तातली साखर वाढलेली होती, म्हणून ऑपरेशनची तारीख पुढे गेली आणि हात झोळीतच राहिला. झोळी सोडली तेव्हा हात कानाच्या पातळीपर्यंतही जाईना. आधी निदान केस विंचरता येत होते, तेही गेलं.

दुसऱ्या डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवली. म्हणाले, "बाई, हात ढिला सोडा. तुम्ही काही करू नका, मीच हलवतो." त्यांच्याही हाताने तो हलला नाही. तेव्हा त्यांनी जे समजावलं ते प्रत्येक खांदेदुखीवाल्याला माहीत असायला हवं. नुसतं टेंडन फाटलेलं असेल, तर रुग्णाला हात उचलता आला नाही, तरी डॉक्टरांनी उचलला तर बहुतेक वेळा जातो. सांध्याभोवतीचं आवरण आकसलं असेल, तर हात कुणालाच हलवता येत नाही, आणि सगळ्यात आधी बाहेर वळणं जातं. हा फ्रोझन शोल्डर. सांध्याची झीज झाली असेल तरीही हात असाच अडतो, म्हणून साधा एक्स-रे काढायचा. तो काढला, सांधा ठीक होता. मधुमेह्यांमध्ये फ्रोझन शोल्डर इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. माझ्या फाइलवर मधुमेह पहिल्याच ओळीत लिहिलेला होता.

मग ती फाट? ती खरीच होती. पण दुखणं तिचंच होतं असं मानायला आधार नव्हता. जपानमधल्या एका गावात ६६४ रहिवाशांच्या खांद्यांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. १४७ जणांचं टेंडन आरपार फाटलेलं निघालं, आणि त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांचा खांदा दुखतच नव्हता. पन्नाशीच्या आत अशी फाट कुणालाच नव्हती. पुढे दर दशकाला प्रमाण वाढत गेलं. म्हणजे वयपरत्वे केस पांढरे व्हावेत तसंच बरंचसं हेही आहे. एमआरआय खोटं बोलत नाही. पण आपल्या दुखण्याचं कारण काय, हे त्या कागदाला माहीत नसतं.

ही माहिती शोधता शोधता मला अर्नेस्ट कॉडमन भेटले, आणि या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. बॉस्टनचे शल्यविशारद. १९३४ मध्ये त्यांनी खांद्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला; फ्रोझन शोल्डर हे नाव त्यांचंच. पण त्याहून मोठी त्यांची एक मागणी होती: प्रत्येक रुग्णाचा पुढे माग ठेवा, निदान वर्षभर; उपचाराचा उपयोग झाला का ते बघा; झाला नसेल तर का नाही ते लिहा. मोठ्या रुग्णालयातल्या सहकाऱ्यांना हे रुचलं नाही. मग स्वतःच्या छोट्या रुग्णालयात १९११ ते १९१६ या काळात त्यांनी ते करून दाखवलं. ३३७ रुग्ण घरी गेले, आणि त्यांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका कॉडमननी स्वतः छापल्या. आजही कोणता डॉक्टर हे करेल?

त्यांचा प्रश्न किती खोल आहे, हे पुढच्या इतिहासावरून कळतं. १९७२ मध्ये चार्ल्स नीअर या अमेरिकी शल्यविशारदाने मांडलं, की खांद्यावरचं हाड खालच्या टेंडनला घासतं, म्हणून दुखतं. हाड थोडं तासलं की जागा होते. तर्क सरळ होता. लोकांना बरंही वाटे. जगभर लाखो खांदे तासले गेले. मग ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. काहींचं हाड खरोखर तासलं, काहींना भूल देऊन दुर्बीण आत घातली पण तासलं काहीच नाही, काहींवर काहीच केलं नाही. पहिल्या दोन गटांत फरक पडला नाही. तिसऱ्या गटापेक्षा ते किंचित पुढे होते, पण रोजच्या जगण्यात जाणवावं इतके नाही. पुढच्याच वर्षी फिनलंडमधल्या अशाच चाचणीनेही तेच दाखवलं. मला सुचवलेल्या ऑपरेशनमध्ये हेच तासणं होतं.

माझा खांदा एका फिजिओथेरपिस्ट मुलीने सोडवला. दर खेपेला ती कोनमापकाने बाहेर वळण्याचा कोन मोजून वहीत लिहायची. आधी गरम पाण्याच्या पिशवीने शेक. मग डाव्या हाताने टेबल धरून ओणवं व्हायचं आणि उजवा हात सैल सोडून लंबकासारखा हलवायचा. हा व्यायाम कॉडमनच्याच नावाने ओळखला जातो. मग कोपरं कमरेला टेकवून दोन्ही हातांत लाटणं आडवं धरायचं आणि चांगल्या हाताने दुखऱ्याला बाहेर ढकलायचं. मग पाठ पुसतो तसा पंचा मागे धरून वर ओढायचा. दुखतंच. व्यायामानंतर थोड्या वेळात निवळलं तर ठीक, रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं, हे तिनेच शिकवलं. सांध्यात स्टिरॉइडचं एक इंजेक्शनही घेतलं. त्यानंतर काही दिवस साखर वाढते, त्यामुळे मधुमेह्यांनी ती रोज तपासावी आणि गोळ्या-इन्सुलिनबद्दल आधीच विचारून ठेवावं. मला हे सांगणारी तीच मुलगी होती.

ब्रिटनमधल्या ३५ रुग्णालयांत फ्रोझन शोल्डरच्या ५०३ रुग्णांवर झालेली चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन सांधा मोकळा करणं आणि दुर्बिणीतून आवरण कापणं, या तिन्हींत वर्षभरानंतर म्हणण्याजोगा फरक उरला नाही. मग आधी सगळ्यात कमी जोखमीचं करावं, हे उघड आहे. आणि ज्यांना महागडं पॅकेज परवडत नाही त्यांच्यासाठी : टेंडनच्या दुखण्याच्या ७०८ रुग्णांत, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली अनेकदा केलेला व्यायाम आणि एकदाच नीट समजावून घरी करायला दिलेला व्यायाम, यांचा परिणाम वर्षभरात सारखाच निघाला. चांगल्या माणसाकडून एकदा शिका, घरी करत राहा.

गुडघ्यांचंही असंच. झिजलेला गुडघा दुर्बिणीतून धुऊन-खरवडून काढणं हे नुसती वरवर चीर देण्याहून सरस नाही, हे ह्यूस्टनमधल्या १८० रुग्णांवरून २००२ मध्येच कळलं होतं. स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन, ज्याच्या जाहिराती आता तालुक्याच्या गावीही दिसतात, ते ऑस्ट्रेलियातल्या २८८ रुग्णांत वर्षभरानंतर सलाइनच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही. पार झिजलेला गुडघा बदलणं ही वेगळी गोष्ट आहे, तिचा उपयोग होतो.

म्हणून डॉक्टरांना विचारा. उद्धटपणे नाही, पण विचारा. माझा हात तुम्ही स्वतः हलवून पाहाल का? ही फाट दुखत नसलेल्या खांद्यातही असू शकते ना? हे ऑपरेशन खोट्या ऑपरेशनशी ताडून पाहिलं गेलंय का? आणि माझ्यासारख्या तुमच्या रुग्णांचे खांदे वर्षभरानंतर कसे आहेत? चांगला डॉक्टर रागावत नाही. मला दुसऱ्या डॉक्टरांनी सगळी उत्तरं दिली.

काही दुखण्यांत मात्र थांबायचं नसतं. पडल्यावर किंवा झटका बसल्यावर हात अचानक उचलता येईनासा झाला, तर मलम चोळत महिना घालवू नका. अशी ताजी फाट शिवावी लागू शकते आणि उशिराने स्नायू वाळतो. सांधा लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. खांदादुखीबरोबर छाती भरून आली, धाप लागली, घाम फुटला तर आधी हृदय तपासा. हातांची बोटं, मनगटं सकाळी तासाहून जास्त वेळ आखडलेली राहत असतील तर तो आमवात असू शकतो, आणि तिथे उशीर केला तर सांधे कायमचे वाकतात. माझ्या जाऊबाई त्यासाठी कुठल्याशा पुड्या घेत होत्या. दोन दिवसांत आराम पडायचा. चेहरा सुजू लागला तेव्हा त्यात स्टिरॉइड असल्याचा संशय आला. अशी पुडी कुणाच्या घरी असेल तर ती एकदम बंदही करू नका, कारण शरीराला तिची सवय लागलेली असते. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि आमवातावर मेथोट्रेक्सेट सुरू झालं, तर ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. वार ठरवा आणि तो गोळ्यांच्या पाकिटावरच पेनाने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.