फिजीची बोली शिकूया

माझे मामा बोटीवर नोकरीला आहेत. त्यांची बोट फिजी देशात गेली होती. फिजी म्हणजे पॅसिफिक महासागरातली तीनशेच्या वर बेटे. राजधानी सुवा. १८७९ पासून आपल्या देशातले मजूर तिथे उसाच्या मळ्यांत नेले, म्हणून तिथे हिंदीही ऐकू येते. पण मूळ लोकांची बोली फिजियन.

मामा गेले की आजीला घोर लागतो. ती म्हणते, "तिकडे तहान लागली तर पोर पाणी कसं मागेल?" म्हणून मी मामांना विचारून शब्द वहीत उतरवले.

नमस्कार – म्बुला
आभारी आहे – विनाका
हो – इओ
नाही – सेंगा
कृपा करून – केरेकेरे
पाणी – वाई
येतो आता – मोदे
एक, दोन, तीन – न्दुआ, रुआ, तोलू

एक गंमत. विमानतळाचे गाव रोमन अक्षरांत ते 'नदी' असे लिहितात, पण म्हणतात 'नांदी'. मामा आधी नदीच विचारत होते! तिथे ड अक्षराचा उच्चार 'न्द' आणि ब चा 'म्ब' होतो.

बसलेल्या माणसांपुढून जाताना 'तुलोउ' म्हणून वाकून जायचे. गुरुजी म्हणाले, ही रीत आपणही घ्यावी.

मी आजीला वाचून दाखवले, "केरेकेरे, वाई." आजी हसली, "अरे, वाई तर साताऱ्याकडे आहे!" मी तिला तांब्या भरून दिला. पाणी पिऊन ती म्हणाली, "विनाका." आता तिचा घोर थोडा कमी झालाय.

मित्रांनो, मोदे!