खाजणावरचं घर आणि दिल्लीचा नियम

प्रश्न : आमचं घर करावे गावठाणात आहे. आजोबांचं कौलारू घर पाडून वडिलांनी पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी तळमजला अधिक दोन असं आरसीसीचं घर बांधलं. आता स्लॅबचे पोपडे पडतात, सळया दिसायला लागल्यात, म्हणून पुन्हा बांधायचं ठरवलंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "आपण झोन तीनमध्ये येतो, भूकंपाची काळजी नको." इमारतींचे नियम म्हणे दिल्लीत ठरतात. मग त्यात आमचा पाऊस, खाडीची खारी हवा आणि भूकंप धरलेले असतात का? आणि आजोबांचं घर इतकी वर्षं टिकलं, ते कुठल्या नियमानं?
— एक वाचक, करावे, नवी मुंबई

उत्तर : कॉन्ट्रॅक्टरचं निम्मं वाक्य बरोबर आहे. झोन तीन खरं, काळजी नको हे त्याच्या पदरचं.

भारतीय मानक ब्यूरोचं भूकंपासाठीचं मानक म्हणजे आयएस १८९३. जमीन किती जोरानं हलेल असं धरून हिशेब करायचा, यासाठी त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत प्रत्येक झोनला एक आकडा दिलेला आहे. झोन दोनला ०.१०, आपल्या तीनला ०.१६, कोयनेच्या परिसराला (झोन चार) ०.२४ आणि कच्छला (झोन पाच) ०.३६. म्हणजे तुमच्या घराला भूकंपाचा हिशेब आहेच, आणि तो झोन दोनच्या दीडपटीहून जास्त आहे.

हा नकाशा काही दगडावरची रेघ नाही. १९६२ मध्ये तो पहिल्यांदा निघाला तेव्हा दख्खनचा बराच भाग 'शून्य' झोनमध्ये टाकला होता. ११ डिसेंबर १९६७ ला कोयना हादरली आणि १९७० च्या आवृत्तीत शून्य झोनच गेला. मग ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं: किल्लारीचा भूकंप. किल्लारी तेव्हा नकाशात सगळ्यांत सुरक्षित अशा झोन एकमध्ये होती. २००२ साली झोन एकही काढून टाकला. दोन्ही वेळा आधी माणसं गेली आणि मग नकाशा बदलला. त्यामुळे झोनच्या आकड्यावर निवांत झोपणाऱ्या माणसाची मला जरा भीतीच वाटते.

आता आजोबांच्या घराकडे येतो, कारण तुमचा तो प्रश्न सगळ्यांत चांगला आहे. किल्लारीतली घरं हवामानाला अगदी बेतून बांधलेली होती. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचं जाड माळवद. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आत गारवा. दर पावसाळ्यापूर्वी गळती बंद करायला माळवदावर आणखी माती पडायची, वजन वाढत जायचं. भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर यांना सांधणारे आडवे दगड बहुतेक ठिकाणी नव्हते, मध्ये नुसती माती आणि कपच्या. जमीन हलल्यावर दोन्ही थर एकमेकांपासून सुटले आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. ज्या मातीनं पिढ्यान्‌पिढ्या ऊन अडवलं, त्याच मातीनं जीव घेतला.

कोकणपट्टीत पावसानं उलटं शिकवलं. इथे पाणी साचवणारं छप्पर चालत नाही, म्हणून उतरतं कौलारू. कौलं वजनाला हलकी, खाली लाकडाचे खांब आणि वासे खाचेत बसवलेले, कित्येक घरांत भिंती कुडाच्या, म्हणजे कारवीला माती लिंपून केलेल्या. पुढे पडवी, तिची वळचण इतकी खाली की झड आत येऊ नये. असं घर हललं तर करकरतं, चार कौलं सरकतात. आजोबांनी पावसासाठी बांधलं आणि भूकंपाची सोय त्यात आपोआप झाली. सगळं श्रेय शहाणपणाला देऊ नका, निम्मं नशिबाला द्या. शिवाय त्या घराची वाळवी, दरवर्षीचं कौलं चाळणं आणि कोळशासारखा काळोख हे जुन्या माणसांनाच विचारा. मी काही तुम्हाला पुन्हा कौलारू बांधा म्हणणार नाही.

आता दिल्लीच्या नियमाचं. तो लिहिला दिल्लीत जातो, पण त्यात मोकळ्या जागा सोडलेल्या असतात आणि त्या जागी आपलं गाव भरायचं असतं. झोन ही पहिली जागा. दुसरी जमिनीची, आणि गडबड तिथेच होते.

मानकात जमिनीचे तीन प्रकार आहेत: खडक किंवा टणक, मध्यम आणि मऊ. साधारण तीस मीटर उंचीची, दहा मजली इमारत नुसत्या कॉलम-बीमच्या सांगाड्याचा विचार केला तर एका सेकंदाच्या आसपास एक झोका घेते. अशा इमारतीवर खडकावर जो जोर धरायचा, त्याच्या १.६७ पट मऊ जमिनीवर धरावा लागतो. झोन तोच, जोर पावणेदोनपटीच्या जवळ. मऊ गाळ थरथर वाढवतो. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटीत हेच झालं. भूकंप शेकडो किलोमीटर दूर किनाऱ्यावर, पडझड शहरात, आणि तीही जुन्या बुजलेल्या तळ्याच्या चिखलावर जास्त. त्या शहराच्या बांधकाम नियमांत आज शहराचेच तीन भाग पाडलेले आहेत: टेकड्या, मधला पट्टा आणि तळ्याची जमीन.

नवी मुंबईला हे वाचून कान टवकारले पाहिजेत. एकाच महापालिकेत पारसिकच्या डोंगराचा पायथा आहे आणि खाडीकडेचं खाजणही. पामबीच रस्त्यावर उभं राहा: पलीकडे तिवरं, पाणथळीत फ्लेमिंगो, अलीकडे टॉवर. ज्यांची भातशेती आणि मिठागरं या पट्ट्यात होती त्यांना सांगायला नको की इथे भरावाखाली काय आहे. जुनी गावठाणं आपल्याकडे सहसा जरा उंचवट्यावर बसलेली असतात, भरतीचं पाणी शिरू नये म्हणून. पण गाव वाढलं ते उताराच्या बाजूला, शेतांवर. दोन गल्ल्यांच्या अंतरात मुरूम संपून चिकण सुरू होऊ शकते. तुमच्या जोत्याखाली काय आहे ते शेजाऱ्याच्या अनुभवावरून ठरवू नका. बोअर घ्या, मातीचा अहवाल घ्या. तीन-चार मजल्यांच्या घरात दहा मजलीइतका फरक दिसत नाही, कारण ठेंगणी इमारत भरभर हलते. पण पाया कोणता घ्यायचा, घर एका बाजूला खचेल का, हे सगळं त्या अहवालावर अवलंबून असतं.

तिसरी मोकळी जागा हवेची. तुमचे पोपडे तिथूनच आले. आयएस ४५६ हे काँक्रीटचं मानक परिसराच्या पाच पायऱ्या करतं. किनाऱ्याच्या हवेत उघडं पडलेलं काँक्रीट तीव्र गटात येतं: कमीत कमी एम ३० दर्जाचा माल आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर. खाऱ्या, सळईला मारक अशा भूजलात बुडालेला पाया असेल तर आणखी एक पायरी वर: एम ३५ आणि ५० मिलिमीटर. आता गावठाणात स्लॅब पडताना बघा. एका गोणीला इतकी घमेली वाळू, इतकी घमेली खडी, आणि माल जड वाटला की पाइप सोडून पाणी. घमेल्याच्या मापानं केलेल्या मिश्रणाला मानक एम २० च्या पुढे मान्यताच देत नाही. आणि कव्हर? सळईखाली खडीचा एक खडा सरकवलेला असतो, तोही सेंट्रिंगवर माणसं चालली की निसटतो. पंचेचाळीस मिलिमीटर म्हणजे आडवी तीन बोटं. ओतायच्या आदल्या संध्याकाळी जाऊन कॉलमची सळई आणि फळी यांच्यात तीन बोटं घालून पाहा. जात नसतील तर सकाळचा मिक्सर परत पाठवा. सळई गंजली की फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. तुमच्या वडिलांच्या घरात हेच झालं असणार. खाडीची न धुतलेली रेती वापरली असेल तर मीठ पहिल्या दिवसापासूनच आत होतं.

गंज हा भूकंपाचाही प्रश्न आहे, इथे दोन्ही गोष्टी एकमेकींना भेटतात. हिशेब करताना मानक भूकंपाचा जोर एका आकड्यानं भागून कमी करतं. साध्या सांगाड्याला तीन, लवचीक सांगाड्याला पाच. म्हणजे ही उधारी आहे: इमारत मोडणार नाही, वाकेल, या भरवशावर दिलेली. ती फेडायची ती सळयांभोवतीच्या रिंगांनी. आयएस १३९२० झोन तीनपासून पुढे लागू आहे. त्याप्रमाणे कॉलमच्या दोन्ही टोकांना, बीमजवळ, रिंगा फार तर १०० मिलिमीटरवर हव्यात आणि रिंगेचं टोक १३५ अंशात आत वळलेलं हवं. काटकोनात दुमडलेलं टोक भूकंपात उलगडतं. पण कारागिराला काटकोन सोपा पडतो, आणि टोकाशी गर्दी होते म्हणून रिंगा दीडशे-दोनशेवर जातात. त्यातून उरलेली पातळ रिंग गंजून गेली, तर उधारी बुडालीच.

आयएस १३९२० च्या २०१६ च्या आवृत्तीत कॉलमची कोणतीही बाजू ३०० मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. आपल्याकडे सर्रास नऊ इंची कॉलम घालतात, का तर भिंतीत लपतो, कपाट नीट बसतं. नऊ इंच म्हणजे २३०. कॉन्ट्रॅक्टर 'झोन तीन' म्हणेल तेव्हा त्याला एवढंच विचारा: "मग कॉलम किती इंची?" गल्लीवर तीन फूट बाहेर काढलेल्या मजल्याच्या टोकाला, बीमवर उभा केलेला कॉलम नको. तळमजला गाड्यांसाठी नुसता खांबांवर मोकळा सोडायचा असेल तर अभियंत्याला ते आधी सांगा. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात, भुजपासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत अशाच कितीतरी इमारती बसल्या.

पाऊस-वाऱ्याचं थोडक्यात. मुंबई परिसरासाठी वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. गच्चीवर पत्र्याची शेड टाकणारच आहात, सगळे टाकतात. सपाट स्लॅब आपल्या पावसाला मानवत नाही हे त्या शेडीच सांगतात. पण शेडीचे पाय गच्चीच्या कठड्यात नको, खालच्या कॉलममधून काढलेल्या सळयांना बांधा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडात पत्रे कसे उडाले ते आठवा. जोतंही चार बोटं जास्तच ठेवा, कारण गल्लीचं काँक्रीट दर काही वर्षांनी चढतं आणि घर आपोआप खड्ड्यात जातं.

खिडकीचं मात्र आवर्जून सांगतो. इको निवास संहिता, २०१८, ही आपल्यासारख्या उष्ण-दमट प्रदेशात उघडता येणारी जागा चटईक्षेत्राच्या किमान सहाव्या हिश्श्याइतकी मागते. कोरड्या-उष्ण भागाला दहावा हिस्सा पुरतो. शंभर चौरस फुटांच्या खोलीला साधारण सतरा चौरस फूट. चार बाय चारची स्लायडिंग खिडकी उघडते निम्मीच, आठ चौरस फूट. झडपांची लावली तर जवळजवळ सगळी. ही संहिता पाचशे चौरस मीटरपेक्षा लहान भूखंडांना लागू नाही, म्हणजे तुम्हाला कोणी विचारणार नाही. मे महिन्यात घाम मात्र विचारेल.

तेव्हा दिल्लीला दोष देऊन सुटका नाही. नियमात करावेसाठी जागा आहे, ती भरणारा माणूस गावठाणात पोचत नाही. गावकऱ्यांनी गरजेपोटी, परवानगीशिवाय बांधलेल्या घरांच्या कायदेशीरपणावर वर्षानुवर्षं मोर्चे निघाले, शासन निर्णय निघाले. त्या घरांच्या रिंगा कोणी मोजल्या नाहीत. घर नियमित झालं की कागद मिळतो, कॉलम होता तेवढाच राहतो.

महापालिका आणि सिडकोकडे इतक्या वर्षांच्या परवानग्यांबरोबर हजारो बोअरचे अहवाल आले असतील. ते एका नकाशावर मांडून गावागावांत लावावेत, ही माझी त्यांना विनंती. तोवर तुमच्या प्लॉटवर निदान दोन बोअर घ्या, आणि अहवाल हातात आल्याशिवाय जुनं घर पाडायला कोणालाही लावू नका.