पाठ : सेकंडचा चाकू घेताना काय पाहावं?

इयत्ता : ४ थी व ५ वी
विषय : परिसर अभ्यास आणि गणित
वेळ : दोन तासिका
साहित्य : तीन पट्ट्या, भिंग, फळ्यावर काढलेलं घडीच्या चाकूचं चित्र (खरा चाकू वर्गात आणायचा नाही!)



थळच्या मुलांना ‘फॅक्टरी’ म्हटलं की आरसीएफचा खत कारखाना आठवतो आणि ‘चाकू’ म्हटलं की होडी. दोरी कापायला, जाळ्याचा गुंतलेला धागा तोडायला होडीवर चाकू लागतोच. त्यामुळे हा विषय मुलांच्या घरातलाच आहे. पण मला तो सुचला माझ्या घरातल्या एका प्रसंगामुळे.

माझ्या धाकट्या भावाने जत्रेतल्या एका स्टॉलवरून घडीचा चाकू घेतला. विकणाऱ्याने सांगितलं, “सेकंडचा माल आहे, मुठीवर ओरखडा आहे, म्हणून स्वस्त.” आम्ही सगळ्यांनी तो ओरखडा बघितला, “एवढंच ना!” म्हणालो आणि पैसे दिले. चार दिवसांनी दोरी कापताना पातं उघडं ठेवणारं लॉक सुटलं आणि पातं त्याच्या बोटावर मिटलं. तीन टाके पडले. ओरखडा खरा होता, पण खरा दोष लॉकमध्ये होता आणि तो आम्ही कुणी पाहिलाच नव्हता.

शेजारचे काका आयुष्यभर होडीवर गेलेले. ते म्हणाले, “डाग चालंल बाई, दगा नको.” हेच वाक्य मी या पाठाचं उद्दिष्ट म्हणून लिहून घेतलं.

सेकंड म्हणजे काय?

मुलं तीन शब्दांत हमखास गोंधळतात. आधी ते वेगळे करून घ्या.

• सेकंड हँड : कुणीतरी वापरलेली वस्तू.
• डुप्लिकेट : दुसऱ्याचं नाव लावून विकलेली नकली वस्तू.
• सेकंड : कारखान्यात तयार झालेली, नवीच वस्तू; पण तपासणीत काहीतरी कमी आढळलं म्हणून पहिल्या प्रतीत न गेलेली.

म्हणजे सेकंडचा माल विकणं ही फसवणूक नाही. दोष सांगून किंमत कमी केली तर तो सरळ सौदा आहे. दोष लपवला तर मात्र फसवणूक.

दोष कुठे येतो?

चाकू कसा बनतो हे फळ्यावर क्रमाने लिहा. प्रत्येक पायरीपुढे तिथे होणारी चूक मुलांकडून काढून घ्या.

१. पत्रा कापणे : पोलादाच्या पत्र्यातून पात्याचा आकार कापतात. कड वाकडी येऊ शकते.
२. पाणी देणे : पातं लाल होईपर्यंत तापवून तेलात किंवा पाण्यात झटकन थंड करतात, मग पुन्हा बेताचं तापवतात. इथे चूक झाली तर पातं मऊ राहतं आणि धार लगेच वळते, किंवा फार कडक होऊन तुकडा उडतो. हा दोष डोळ्यांना दिसत नाही.
३. घासणे : चाकावर घासताना पातं फार तापलं तर तिथे निळसर डाग पडतो. पोलाद साधारण ३०० अंश सेल्सिअसला असा निळा रंग धरतं. डाग धारेवर असेल तर तिथलं ‘पाणी’ उतरलेलं असू शकतं. दोन्ही बाजू सारख्या घासल्या गेल्या नाहीत तर धार एका अंगाला झुकते.
४. जोडणी : पातं, स्प्रिंग, मूठ आणि रिव्हेट किंवा स्क्रू एकत्र येतात. पातं मधोमध न बसणं, डुगडुगणं, मुठीत फट राहणं, लॉक नीट न अडकणं हे सगळं इथलं.
५. पॉलिश आणि छपाई : ओरखडे, पुसट किंवा तिरकं उमटलेलं नाव.

पाचव्या पायरीचे दोष दिसण्यातले. दुसऱ्या पायरीचे कामातले. तिसऱ्या-चौथ्या पायरीत दोन्ही असतात, म्हणून तिथे नीट बघायचं.

घेताना तपासणी (ही मोठ्यांनीच करायची)

• चाकू मिटवून वरून पाहा. पातं थोडं एका बाजूला असेल तर चालेल. आतल्या कडेला घासत असेल तर नको.
• पातं उघडून डावीकडे-उजवीकडे हलवा. स्क्रू असेल तर आवळून हे डुगडुगणं बहुधा कमी होतं. रिव्हेट असेल तर घरी सहसा दुरुस्त होत नाही.
• लॉक असलेला चाकू उघडा आणि पात्याची पाठ लाकडी टेबलावर हलकेच दाबा. पात्याच्या मिटण्याच्या वाटेत बोट नको! लॉक सुटलं तर चाकू तिथेच ठेवा. त्याला किंमत कमी करून मागू नका.
• बिनलॉकचा, फक्त स्प्रिंगचा चाकूही मिळतो. तो उघडताना आणि मिटताना स्प्रिंगचा ताण लागला पाहिजे. सैल मिटणारा नको.
• भिंगातून खिळीजवळ आणि धारेवर पाहा. बारीक भेग दिसली तर नको.
• धार बोथट आहे? ती लावता येते. तो दोष धरू नका.

आपल्याकडे खाऱ्या हवेचाही विचार करायला हवा. साध्या पोलादाला गंज लवकर धरतो. स्टेनलेस स्टीलमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं म्हणून ते जास्त टिकतं, पण समुद्राच्या पाण्याने त्यावरही डाग पडतात. सेकंडच्या चाकूत मुठीला फट असेल तर खारं पाणी तिथेच साचतं. होडीवर नेणाऱ्याने ही फट ओरखड्यापेक्षा मोठी समजावी.

वर्गातला उपक्रम : तीन पट्ट्या

मी तीन पट्ट्या दिल्या. पहिलीवरची छपाई पुसट. दुसरीचा कोपरा तुटलेला, पण खुणा पूर्ण. तिसरी नवी चकचकीत. फक्त तिची शून्याची खूण अगदी टोकाला होती आणि ते टोक मी आदल्या दिवशी पॉलिश पेपरने २ मिमी घासलं होतं. तीन गटांना एकच १८ सेमीची वही टोकापासून मोजायला सांगितली.

“कुठली पट्टी विकत घ्याल?” असं आधी विचारलं तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी तिसरी निवडली. मोजल्यावर तिसऱ्या गटाचं उत्तर आलं १८ सेमी २ मिमी. वर्गात एकदम शांतता! मग एक मुलगी म्हणाली, “बाई, ही फुकट दिली तरी नको.” त्यावर मागचा एक मुलगा म्हणाला, “पण एकपासून मोजलं तर बरोबर येईल की!”

हे उत्तर माझ्या टाचणात नव्हतं, पण पाठ त्यानेच पुढे नेला. दोष माहीत असेल तर कधी कधी त्याच्यासोबत काम करता येतं. सैल स्क्रू आवळता येतो. पण सुटणाऱ्या लॉकसोबत ‘सांभाळून वापरू’ म्हणणं धोक्याचं, हा फरक मुलांनी स्वतः सांगितला.

गणित

नवा चाकू ४०० रुपये, सेकंडचा २६० रुपये. बचत १४०, म्हणजे ३५ टक्के. धार लावायला ४० रुपये गेले. खरी बचत १००, म्हणजे २५ टक्के. मग मुलांना विचारा : टाके घालायचा खर्च यात कुठे लिहायचा?

घरचा अभ्यास

घरातली ‘सेकंड’ किंवा डाग असलेली एक वस्तू शोधा. (ताट, छत्री, दप्तर, काहीही, चाकू नको.) दोष दिसण्यातला की कामातला, ते कारणासह लिहा.

पालकांसाठी दोन गोष्टी. सेकंडचा माल घेतानाही बिल मागा आणि त्यावर कोणता दोष सांगून विकला ते लिहून घ्या. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो. त्या आठवड्यात हा पाठ घेतला तर छान जुळून येतो.

माझ्या भावाचं बोट आता बरं आहे. यंदाच्या जत्रेत त्याने पुन्हा सेकंडचाच चाकू घेतला. नाव तिरकं छापलेला, लॉक घट्ट. टेबल नव्हतं, म्हणून स्टॉलच्या लाकडी फळीवर दाबून पाहिला आणि मगच पैसे दिले.