कर्करोगातून बरी झालेली मुले आणि आपण

लहान मुलांच्या कर्करोगात रक्ताचा कर्करोग, म्हणजेच ल्युकेमिया, सर्वाधिक आढळतो. त्यातील लिम्फोब्लास्टिक प्रकाराचा उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे चालतो. या काळात आई मुलाला घेऊन परळच्या धर्मशाळेत, वडील कामावर, धाकटी भावंडे आजीकडे, अशी घराची फाटाफूट होते. मग एके दिवशी डॉक्टर औषध बंद करतात, पेढे वाटले जातात. समाजाच्या दृष्टीने प्रश्न मिटतो. आमच्या मते मुलाच्या दृष्टीने तो तेथून सुरू होतो.

पहिली अडचण शाळेची. दोन वर्षे गेलेल्या मुलास लहान मुलांसोबत बसवण्याचा आग्रह धरला जातो. शिक्षण हक्क कायदा, 2009 मधील कलम 4 नुसार 6 ते 14 वयोगटातील अशा बालकास वयानुरूप वर्गात प्रवेश व मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळावयास हवे. पालकांनी तोंडी विनंती करत न बसता लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी.

वर्गातील इतर पालकांची भीती निराधार आहे. कर्करोग एका बाकावर बसल्याने वा एका डब्यात जेवल्याने होत नाही. धोका असलाच तर तो उलट आहे. उपचारादरम्यान व नंतरचे काही महिने या मुलाची प्रतिकारशक्ती कमी असते. म्हणून वर्गात गोवर वा कांजिण्यांची साथ आल्यास शिक्षकांनी त्याच्या घरी त्वरित कळवावे. मेंदूला किरणोपचार झालेल्या काही मुलांना गणित व पाठांतर जड जाते. सिस्प्लॅटिन दिलेल्या काहींना ऐकू कमी येते. अशा मुलास ‘ढ’ ठरवण्याआधी पुढच्या बाकावर बसवून पाहावे.

घरातही सारे सुरळीत नसते. आईवडील त्याला खेळू देत नाहीत, रागावत नाहीत, आणि जे धाकटे भावंड दोन वर्षे आजीकडे राहिले त्याच्याकडे अजूनही कोणाचे लक्ष नसते. बऱ्या झालेल्या मुलास पाणी भरावयास सांगावे, अभ्यास केला नाही तर रागवावे. त्यालाही तेच हवे असते.

सर्वांत नाजूक बाब लग्नाची, विशेषतः मुलींच्या. स्थळ मोडेल म्हणून आजार लपवला जातो, फाईल माळ्यावर टाकली जाते किंवा जाळली जाते. ही भीती आम्ही समजू शकतो, पण तिची किंमत मुलीला मोजावी लागते. डॉक्सोरुबिसिन नावाचे तांबड्या रंगाचे औषध अनेक मुलांना दिले जाते. त्याचा परिणाम हृदयावर काही वेळा कित्येक वर्षांनी दिसतो. बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना हे ठाऊक नसेल तर इकोची तपासणी करावी हे त्यांना सुचणार कसे? वास्तविक मुलांचे बहुतेक कर्करोग आनुवंशिक नसतात. डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग काही घराण्यांत चालत येतो, तेथे मात्र तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने 1991 साली उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. तेथे वाढ, हृदय, शिक्षण यांची वर्षानुवर्षे विचारपूस होते. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाखाली 2009 मध्ये ‘उगम’ हा बऱ्या झालेल्या तरुणांचा गट उभा राहिला. नव्या रुग्णाच्या आईला दहा डॉक्टरांच्या शब्दांपेक्षा असा एक धडधाकट तरुण समोर उभा राहिलेला अधिक धीर देतो.

उपचार संपताना रुग्णालयातून सारांशपत्र मागून घ्यावे. त्यात रोगाचे नाव, प्रत्येक औषधाची एकूण मात्रा, किरणोपचार कोठे व किती, हे लिहिलेले असावे. त्याच्या दोन झेरॉक्स काढाव्यात. ज्या पिशवीत आपण जातीचा दाखला आणि रेशनकार्ड जपतो त्याच पिशवीत ते ठेवावे, आणि मूल अठरा वर्षांचे झाले की त्यातील प्रत्येक ओळ समजावून सांगून ते त्याच्या हाती द्यावे.